शरपंजरी कोबी

१९८३ सालची गोष्ट. परळच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात माझा आठवा वाढदिवस होता. सकाळी औक्षण झालं, आजीनं हातावर साखर ठेवली. तिच्या दृष्टीनं वाढदिवस तिथंच संपला होता. पण संध्याकाळी वर्गातली आणि चाळीतली मिळून वीस मुलं यायची होती आणि आई दुपारपासून एका वेगळ्याच कामात गढली होती. तिनं कोबीचा अर्धा गड्डा ताटलीत पालथा घातला, त्याला चांदीसारखा चकचकीत कागद गुंडाळला. मग चीजचा डबा फोडला, अननसाचा डबा फोडला आणि दात कोरायच्या काड्यांवर एक चेरी, एक अननसाचा तुकडा, एक चीजचा तुकडा असं ओवून त्या काड्या कोबीत खोचायला सुरुवात केली. मी शेजारी बसून मोजत होतो. साठ काड्या. वीस मुलं, प्रत्येकी तीन. त्याहून जास्त कुणी घ्यायची नाही, हे मला दोनदा बजावलं गेलं.

आजी माजघराच्या उंबऱ्यात उभी राहून बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "अगं, या कोबीनं काय पाप केलंय? भीष्मासारखा शरपंजरी पाडलायस की त्याला!" सगळे हसले. आजी हसली नाही. "अन्नाशी खेळू नये गं," एवढंच म्हणून ती आत गेली.

ते वाक्य माझ्या मनात राहून गेलं. पुढं इतिहासाची पुस्तकं वाचताना जेव्हा जेव्हा मेजवान्यांची वर्णनं समोर आली, तेव्हा तेव्हा तो कोबी आठवला. मेजवानीच्या मध्यभागी केवळ गंमत म्हणून मांडायचा, चूल न पेटवता करायचा हा खाद्यपदार्थ आला कुठून? आणि आजी म्हणाली तसा तो खरोखर अन्नाचा अपमान आहे का? आज या दोन प्रश्नांविषयीच बोलायचं आहे.

आधी कुळाचा शोध घेऊ. आईला त्या कोबीचं नाव माहीत नव्हतं, पण युरोपात त्याला नाव आहे. तिथं तो हेजहॉग असतो. हेजहॉग म्हणजे तिकडच्या कुंपणांत आणि बागांत राहणारा, मूठभर आकाराचा काटेरी प्राणी. दिसायला आपल्या साळिंदराचं पिल्लू वाटेल, पण प्राणिशास्त्राच्या दृष्टीनं दोघांचं काही नातं नाही. साळिंदर उंदराच्या कुळातलं, हेजहॉग किडे खाणाऱ्यांच्या कुळातला. जर्मनीत अशा काड्या खोचलेल्या पदार्थाला 'केझेईगल' म्हणतात, म्हणजे सरळ 'चीजचा हेजहॉग'. वाटोळा देह आणि त्यावर टोकदार काटे असा हा प्राणी ताटात उभा करणं फार सोपं, म्हणून स्वयंपाक्यांचा तो जुना लाडका.

किती जुना? पंधराव्या शतकातल्या एका इंग्रजी पाककृतींच्या हस्तलिखितात तो सापडतो. तिथं डुकराच्या जठरात मसालेदार खिमा भरून ते भाजतात आणि मग बदामाचे लांब, टोकदार काप त्यात काट्यांसारखे खोचतात. हा राजेरजवाड्यांच्या मुदपाकखान्यातला विनोद होता. त्या काळी बड्या मेजवानीत पानांच्या दोन फेऱ्यांमध्ये काहीतरी नवलाईची वस्तू मिरवत आणण्याची रीत होती. साखर, बदामाचा लगदा, कधी मेण आणि कागदसुद्धा वापरून केलेले किल्ले, संत, सिंह, गरुड असं ते असे. १४२९ साली इंग्लंडच्या सहाव्या हेन्रीचा राज्याभिषेक झाला, तेव्हा तो अवघा सात वर्षांचा होता. त्याच्या मेजवानीत अशा खाद्यशिल्पांमधून त्याचा इंग्लंड आणि फ्रान्स या दोन्ही सिंहासनांवरचा हक्क मांडला होता आणि सोबत जॉन लिडगेट या कवीची कवनं होती. म्हणजे टेबलावरच्या गमतीनं राजकीय जाहीरनाम्याचं काम केलं. पाहुण्यांनी आधी डोळ्यांनी राजाची सत्ता पाहायची आणि मग जमलं तर चाखायची.

या सगळ्यात साखर महत्त्वाची. आज दुकानात किलोनं मिळणारी साखर तेव्हाच्या युरोपात मसाल्यांच्या आणि औषधांच्या पंक्तीत बसणारी चीज होती. तिचे पुतळे करणं म्हणजे जवळजवळ दागिने घडवणंच. आणि गंमत अशी की, त्यातलं बरंच काम विस्तवाशिवाय होई. १५५५ साली व्हेनिसमध्ये 'पिएमाँटचे अलेक्सिस' या टोपणनावानं गुपितांचं एक पुस्तक छापलं गेलं. त्यात साखरेच्या भांड्यांची कृती आहे. ट्रॅगाकँथ नावाचा डिंक गुलाबपाण्यात भिजवायचा, त्यात लिंबाचा रस, अंड्याचा पांढरा बलक आणि वस्त्रगाळ साखर घालून कणकेसारखा गोळा मळायचा आणि त्याच्या ताटल्या, पेले, वाट्या वळायच्या. लेखक सांगतो की, जेवण झालं की पाहुण्यांनी ही भांडीही मोडून खावीत.

ही केवळ पुस्तकी कल्पना नव्हती. १५७४ साली फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिसला आला, तेव्हा तिथल्या जहाजांच्या गोदीत त्याच्यासाठी फराळ मांडला होता. राजानं हातपुसणं उचललं, तर ते बोटांत कडकन मोडलं. ते साखरेचं होतं. ताटल्या, सुऱ्या, पावसुद्धा साखरेचा. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी राजाला हसवलं आणि त्याच वेळी आपल्या तिजोरीची खोलीही दाखवली.

सिडनी मिंट्झ या मानववंशशास्त्रज्ञानं १९८५ साली साखरेच्या इतिहासावर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं दाखवलं आहे की, ही साखरेची शिल्पं राजाच्या टेबलावरून सरदाराच्या, सरदाराच्या टेबलावरून व्यापाऱ्याच्या आणि शेवटी साध्या गृहिणीच्या टेबलावर उतरत आली. उतरली, कारण साखर स्वस्त झाली. आणि साखर स्वस्त झाली, कारण ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांना मरेस्तोवर राबवलं गेलं. टेबलावरची गोड गंमत आणि मळ्यातला आसूड यांचा असा थेट संबंध आहे. तेव्हा आजीची शंका अगदीच जुनाट म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही.

तिच्या बाजूनं आणखी एक साक्ष काढता येईल, इटलीतल्या नेपल्स शहराची. अठराव्या शतकात तिथं कार्निव्हलच्या दिवसांत राजवाड्यासमोरच्या मैदानात एक अजस्र देखावा उभारत. लाकडी सांगाड्यावर पाव, चीज, मांस रचून केलेले डोंगर, बागा आणि किल्ले. त्यावर जिवंत जनावरं आणि पक्षीसुद्धा बांधलेले, कधी तर खिळ्यांनी ठोकलेले. भोवती सैनिकांचं कडं आणि कड्याबाहेर शहरातली हजारो भुकेली माणसं. राजा सज्जात येई, इशारा होई आणि जमाव त्या डोंगरावर तुटून पडे. काही मिनिटांत सगळं फस्त. चेंगराचेंगरीत माणसं मरत आणि सज्जातले पाहुणे ते बघत. १७६४ साली नेपल्सच्या राज्यात भयंकर दुष्काळ पडला. त्या वर्षी लोकांनी इशाऱ्याची वाट पाहिली नाही, आधीच देखावा लुटला. त्या शतकाच्या आठव्या दशकाअखेर ही प्रथा बंद पडली. अन्नाशी खेळ म्हणजे काय, याचं याहून भेसूर उदाहरण मला ठाऊक नाही. इथं खेळ अन्नाशी नव्हताच, भुकेशी होता. खेळणारा सज्जात होता आणि भुकेला खाली.

आता त्याच शतकातल्या इंग्लंडकडे वळू. तिथं आपला काटेरी प्राणी एका वेगळ्या घरात राहायला आला होता. १७४७ साली लंडनमध्ये स्वयंपाकाचं एक पुस्तक निघालं. सोपी भाषा, साध्या कृती, आणि बड्या फ्रेंच खानसाम्यांच्या उधळपट्टीवर टीका. पुस्तकावर लेखिकेचं नाव नव्हतं, नुसतं 'एका स्त्रीकडून' असं होतं. त्यात हेजहॉगची कृती आहे. दोन पौंड, म्हणजे सुमारे नऊशे ग्रॅम बदाम सोलून कुटायचे, त्यात डझनभर अंडी, साय, साखर आणि लोणी घालून मंद आचेवर घट्ट आटवायचं, गोळ्याला हेजहॉगचा आकार द्यायचा आणि बदामाचे उभे काप त्याच्या पाठीवर खोचायचे. आपल्या बदामाच्या बर्फीची ही लांबची बहीणच. जठर आणि खिमा गेला, काटे मात्र बदामाचेच राहिले. राजाच्या मुदपाकखान्यातला विनोद आता वकिलाच्या, दुकानदाराच्या घरातल्या बाईला जमण्यासारखा झाला.

ही बाई म्हणजे हॅना ग्लास. तिनं कितीतरी कृती आधीच्या पुस्तकांतून उचलल्या होत्या, हे खरं. पण त्या सामान्य माणसाला कळतील अशा तिनं मांडल्या. पुस्तक अफाट खपलं, शंभर वर्षं छापलं जात राहिलं. तिच्या हाती मात्र फारसं लागलं नाही. १७५४ मध्ये तिचं दिवाळं निघालं, पुस्तकाचा हक्क विकावा लागला, पुढं कर्जापायी तुरुंगही भोगावा लागला. आणि पुस्तक खरोखर तिचं का, असा वाद लोक घालत राहिले. इतकं चांगलं पुस्तक बाईनं लिहिलेलं नसणार, कुणा डॉक्टरनं लिहिलं असेल, अशी वदंता होती. अखेर १९३८ साली मॅडलिन होप डॉड्स या अभ्यासक बाईनं कागदपत्रं शोधून लेखिका हॅना ग्लासच, हे पक्कं केलं. टेबलाच्या मध्यभागी काय ठेवलं याची नोंद होते, ते कुणी केलं याची नोंद व्हायला दोनशे वर्षं लागतात.

आता आईच्या कोबीवरच्या तीन गोष्टींकडे येऊ. काडी, अननस आणि चीज. या तिन्ही एकेकाळी साध्या घरात मिळण्यासारख्या नव्हत्या.

अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला. १४९३ साली कोलंबसच्या माणसांनी तो ग्वादलूप बेटावर पाहिला. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात आपल्याकडे आणला. जहांगीर बादशहानं आठवणींत लिहून ठेवलं आहे की, फिरंग्यांच्या बंदरांतून येणारं हे फळ आता आग्र्याच्या गुलअफशां बागेत दरवर्षी हजारोंनी पिकतं. म्हणजे आपल्याकडे अननस जमिनीत रुजला. थंड इंग्लंडात मात्र तो काचघरात, शेगडीच्या उबेत दोन-दोन, तीन-तीन वर्षं वाढवावा लागे. त्यामुळं एका फळाची किंमत एवढी होई, की अठराव्या शतकात मेजवानीपुरता अननस भाड्यानं आणण्याची पद्धत पडली. संध्याकाळभर तो टेबलाच्या मध्यभागी मिरवायचा, सकाळी दुकानदाराला परत, मग दुसऱ्या घरी. अखेर जो विकत घेई तो खाई, बाकीच्यांनी नुसतं पाहायचं.

हा मिरवण्याचा अननस खाण्याचा झाला तो कारखान्यात. जेम्स डोल यानं १९०१ साली हवाई बेटांवर अननसाची कंपनी काढली. १९११ साली त्याच्याकडच्या हेन्री जिनाका या तंत्रज्ञानं अननस सोलून, मधला दांडा काढून, गोल नळकांडं हाती देणारं यंत्र तयार केलं. पुढच्या सुधारित यंत्रांनी मिनिटाला शंभराच्या आसपास अननस सोलले जाऊ लागले. फळ डब्यात बंद झालं आणि जगभर गेलं.

त्याच १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी चीज वितळवून, त्यात क्षार मिसळून, न नासणारं, एकसारखं कापता येणारं चीज बनवलं. १९१६ मध्ये अमेरिकेत जेम्स क्राफ्टनं अशाच पद्धतीचं पेटंट घेतलं. आपण ज्याला नुसतं चीज म्हणतो, ते हेच प्रक्रिया केलेलं चीज. आणि काडी? ती एकोणिसाव्या शतकात चार्ल्स फॉर्स्टर या अमेरिकन माणसानं यंत्रावर काढायला सुरुवात केली. दक्षिण अमेरिकेतल्या लोकांच्या हातानं कोरलेल्या काड्या त्यानं पाहिल्या होत्या. त्यानं मेन राज्यातल्या बर्च लाकडापासून त्या लाखोंनी पाडल्या.

सामान तयार होतं, पण हेजहॉग जन्माला यायला आणखी एक गोष्ट घडावी लागली, उपासमार. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी उद्ध्वस्त झाला होता. लोक बटाट्याच्या साली खात होते. पश्चिम जर्मनीतलं रेशनिंग १९५० साली उठलं आणि पुढच्या काही वर्षांत माणसं अक्षरशः खात सुटली. तिथले इतिहासकार या काळाला खादाडीची लाट म्हणतात. १९५३ पासून क्लेमेन्स विल्मेनरोड हा नट तिथल्या टीव्हीवर पदार्थ करून दाखवू लागला. १९५५ मध्ये त्यानं पाव, हॅम, अननसाची चकती आणि चीज असा 'टोस्ट हवाई' लोकप्रिय केला. डब्यातला अननस म्हणजे दूरच्या उन्हाचा, सुखाचा तुकडा. याच दिवसांत घरगुती पार्ट्यांत चीजचा हेजहॉग आला. कोबीचा नाहीतर पपनसासारख्या फळाचा अर्धा भाग पालथा घालायचा आणि त्यावर चीज, द्राक्षं, अननस यांच्या काड्या. त्याचा एक मांसाहारी भाऊही आहे. डुकराच्या कच्च्या, ताज्या खिम्याचा हेजहॉग, कांद्याच्या कापांचे काटे आणि काळ्या ऑलिव्हचे डोळे. तोही विस्तव न लावताच होतो.

इंग्लंडचीही तीच कथा. १९४१ मध्ये तिथं चीजचं रेशनिंग सुरू झालं, तेव्हा माणशी आठवड्याला एक औंस, म्हणजे सुमारे अठ्ठावीस ग्रॅम चीज मिळे. आज आपल्याकडे मिळणाऱ्या एका क्यूबहून थोडंसं जास्त. आठवड्याला! रेशनिंग पूर्ण उठायला १९५४ साल उजाडलं. ज्या बाईनं तेरा वर्षं चीज तोळ्यामाशानं मोजलं, तिनं पुढं एका संध्याकाळी आठवड्यांचं रेशन काड्यांवर खोचून पाहुण्यांसमोर ठेवलं, तर त्या गमतीचा अर्थ काय असेल? ती सांगत होती की, ते दिवस गेले.

पण पुढच्या पिढीला तो अर्थ कळला नाही. १९७७ साली माइक ली याचं 'ॲबिगेल्स पार्टी' हे नाटक आलं. त्यातली मध्यमवर्गीय यजमानीण पाहुण्यांना चीज-अननसाच्या काड्या आग्रहानं देते आणि प्रेक्षक तिच्या भपक्याला हसतात. तेवीस वर्षांत समृद्धीची खूण हास्यास्पद झाली. ज्यांनी भूक पाहिलीच नाही, त्यांना भुकेवरचा विजय भपका वाटतो.

आता परत परळला येऊ. आपल्याकडे ही गंमत अगदी परकी होती का? मुळीच नाही. आपल्याकडे रुखवत आहे. लग्नात मुलीकडच्यांनी मांडलेले लाडू, करंज्या, चिरोटे, शेवया, आणि त्यांच्या जोडीला सुपारीची नवरानवरी, नारळाचा गणपती, साखरेची खेळणी, तुळशीवृंदावन. भोवती उखाण्यांची आणि विहिणींच्या चिमट्यांची जुगलबंदी. पोटासाठी लागणार नाही असं अन्न, डोळ्यांसाठी आणि हसण्यासाठी मांडलेलं. हॅना ग्लासचा हेजहॉग रुखवतात शोभला असता. आणि रुखवत कुणी केलं त्या मावश्या-काकूंची नावंही कुठं लिहिलेली नसतात.

मग आजीला कोबी का खुपला? तिचं आयुष्य सोलापूरकडच्या गावात गेलेलं. १९७२ चा दुष्काळ तिनं सोसला होता. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं, सुकडीच्या रांगा, परदेशातून आलेली ती लालसर मिलो ज्वारी, हे सगळं तिनं पाहिलं होतं. त्याआधी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायचं आवाहन केलं, ते तिनं पाळलं. दुधाचं म्हणाल, तर त्याच १९६५ मध्ये पश्चिम बंगाल सरकारनं दूध वाचावं म्हणून छेन्याच्या मिठाईवरच बंदी आणली होती. आमच्या मुंबईत दूध मिळे ते आरेच्या केंद्रावर, कार्ड दाखवून, पहाटे रांग लावून, मोजक्या बाटल्या. घरात पाहुणा आला तर चहाला दूध कुठलं, हा प्रश्न असे.

या परिस्थितीत बदल झाला तो १९७० साली सुरू झालेल्या दुग्धक्रांतीच्या मोहिमेनं. डॉ. वर्गीस कुरियन यांच्या नेतृत्वाखाली गावोगावच्या सहकारी संस्थांचं दूध शहरांत येऊ लागलं. १९९८ मध्ये भारत दूध उत्पादनात जगात पहिला झाला. आईनं १९८३ मध्ये फोडलेला चीजचा डबा या वाटेवरच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यावरचा होता. दूध पोटभर मिळू लागल्याशिवाय त्याचं चीज होत नाही, आणि चीज हाताशी असल्याशिवाय ते कोबीवर खोचलं जात नाही. बॉन, लंडन आणि परळ या तिन्ही ठिकाणी हेजहॉग टंचाई सरत असतानाच अवतरला, हा योगायोग नाही. फक्त आमच्याकडे ती पुरती सरली नव्हती, म्हणून काड्या मोजून होत्या. आणि काडीच्या टोकावरची ती लाल चेरी? आपल्याकडे मिळणारी तशी चेरी बहुतेक वेळा पाकात मुरवलेलं, रंगवलेलं करवंद असतं. परदेशी पाहुण्याच्या डोक्यावर सह्याद्रीतला तुरा.

कुणाला करून पाहायचा असेल, तर कृती सोपी आहे, गॅस पेटवावा लागत नाही. कोबी घट्ट गड्ड्याचा घ्या, सपाट कापा म्हणजे डुगडुगणार नाही. कागद लावायचा असेल तर लावा, पण मग कोबी स्वच्छ धुऊन, पुसूनच घ्या. चीजचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. डब्यातल्या अननसाचा पाक नीट निथळून तुकडे कोरड्या फडक्यावर पसरा, नाहीतर चीज ओलं होऊन घसरतं. ताजा अननस घेतलात, तर तो अगदी पाहुणे यायच्या वेळी लावा. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि चीज थोड्या वेळात कडवट लागू लागतं. डब्यातला अननस तापवलेला असल्यानं त्यातलं विकर मेलेलं असतं. काड्या तिरप्या, मागच्या बाजूला कललेल्या खोचा म्हणजे काटे खरे वाटतात. पुढं थोडी जागा मोकळी सोडून दोन काळ्या मनुकांचे डोळे आणि एका चेरीचं नाक लावा. घरात फार लहान मूल असेल, तर काड्या मोठ्यांच्या हातूनच वाटा.

आता आजीच्या आक्षेपाचं काय? त्या दिवशी आईनं तिला हळूच विचारलं होतं, "अहो आई, तुमच्या रुखवतात साखरेचं वृंदावन होतं ना? तो खेळ नव्हता?" आजी म्हणाली, "होता की. पण दुसऱ्या दिवशी फोडून पोरांना वाटलं होतं आम्ही. कण टाकला नाही."

मला वाटतं, सगळ्या इतिहासाचा निवाडा तिनं त्या एका वाक्यात केला होता. नेपल्सचा डोंगर आणि हॅना ग्लासचा बदामी हेजहॉग दोन्ही अन्नाचेच खेळ. पण एकात मांडणारा सज्जात बसून बघत होता, आणि दुसऱ्यात मांडणारी बाई त्याच टेबलाशी बसून सगळ्यांबरोबर खात होती. भाड्याचा अननस नुसता दाखवायला होता, डब्यातला वाटून खायला. आजच्या समारंभांत फळांचे कोरीव मोर आणि भाज्यांचे हंस रात्री उशिरा कचऱ्याच्या पिंपात जाताना दिसतात, तेव्हा आजीचं म्हणणं पटतं. आणि एखाद्या छोट्या घरात कुणी आई जपून साठ काड्या खोचताना दिसते, तेव्हा आईचं.

त्या संध्याकाळी मुलं आली, केक कापला आणि पाच मिनिटांत कोबीवर एकही काडी उरली नाही. प्रत्येकी तीनचा नियम कुणी पाळला, कुणी नाही. माझ्या वाट्याला दोनच आल्या. एक काडी आईनं आधीच वाटीत झाकून ठेवली होती, ती तिनं आजीला नेऊन दिली. आजीनं चेरी मला दिली, अननस आणि चीज खाल्लं आणि चीज अळणी आहे, असं मत दिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या डब्यात कोबीची भाजी होती. आजीनं सकाळी उठून, चांदीचा कागद सोलून, भोकं पडलेला तो गड्डा बारीक चिरला होता. हरभऱ्याची डाळ घालून केलेली ती भाजी मी आणि माझ्या बाकावरच्या मित्रानं मिळून संपवली. आदल्या दिवशी तीन काड्या जास्त पळवणारा तोच होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)